राज्यसभा विधेयक कितपत अडवू शकते?

संसदेचे वरिष्ठ सभागृह असलेल्या राज्यसभेचा अधिकार प्रत्येक विधेयकावर सारखा नसतो. विधेयकाच्या प्रकारानुसार तो बदलतो.

धन विधेयक केवळ लोकसभेतच मांडता येते. राज्यसभेला ते १४ दिवसांत परत पाठवावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारण्याचे बंधन लोकसभेवर नसते.

सर्वसाधारण विधेयकास दोन्ही सभागृहांची संमती लागते. राज्यसभेने ते फेटाळल्यास किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ संमत न केल्यास राष्ट्रपती घटनेच्या कलम १०८ अन्वये संयुक्त बैठक बोलावू शकतात. तेथे लोकसभेचे संख्याबळ निर्णायक ठरते. हुंडा प्रतिबंध (१९६१), बँकिंग सेवा आयोग रद्द करणे (१९७८) आणि दहशतवाद प्रतिबंध अर्थात ‘पोटा’ (२००२) ही तीनच विधेयके आजवर या मार्गाने संमत झाली आहेत.

घटनादुरुस्तीसाठी मात्र संयुक्त बैठकीची तरतूद नाही. कलम ३६८ नुसार प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत स्वतंत्रपणे मिळवावे लागते. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूरसह सर्व माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेने संमत केले होते. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत त्याच्या बाजूने १४९, तर विरोधात ७५ मते पडली. २२४ मतांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ हून किंचित अधिक. त्यामुळे विधेयक अवघ्या एका मताने फेटाळले गेले.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाद्वारे संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी त्यास आव्हान दिले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या पक्षास मोठे बहुमत मिळाले. त्यानंतर दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या २६ व्या घटनादुरुस्तीने त्याच वर्षअखेरीस तनखे संपुष्टात आले.

राज्यसभेच्या नकाराने तनखे कायमचे वाचले नाहीत. परंतु नव्या जनादेशापर्यंत हा निर्णय लांबला. या सभागृहात आज गोव्याची एकच जागा आहे. घटनादुरुस्तीच्या वेळी तेवढ्या एका मतावरही निकाल फिरू शकतो, हे १९७० च्या मतदानाने दाखवून दिले आहे.