गैरहजर मूल



प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा कायदे, आयोग आणि शाळांचे आकडे यांच्याकडे वळतो. मलाही त्यांचा आधार घ्यावा लागणार आहे. परंतु आज मी एका लहानशा प्रश्नाचा माग काढणार आहे. सकाळी हजेरी घेताना गुरुजी नाव पुकारतात आणि मागच्या बाकावरून दुसराच मुलगा ओरडतो, "गैरहजर!" पुढे काय करायचे? शाळेची मुलाकडून अपेक्षा काय, त्याच्या वागण्याचा अर्थ ती कसा लावते आणि त्याच्या घराशी ती कोणत्या भाषेत बोलते, हे या एका प्रसंगात उघड होते. गेल्या दोनशे वर्षांत आपण या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती क्रमाने पाहू.

पहिले उत्तर पंतोजींचे. इंग्रजी अंमलापूर्वीची आपली शाळा म्हणजे कोणाच्या घरची ओसरी, नाही तर देवळाचा सभामंडप. धुळपाटीवर मुळाक्षरे गिरवायची, मोडी वळणदार करायचे, पाढे आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतची परवचा घोकायची, एवढा अभ्यास. पंतोजींचा मोबदला थोडा पैशात, थोडा धान्यात, आणि दसऱ्यासारख्या सणाला घरोघरून मिळणाऱ्या देणगीत. ज्या घरातून शिधा यायचा त्या घरातले मूल पंतोजींना जन्मापासून ठाऊक असे. मूल आले नाही तर ते दोनचार दांडगी मुले पाठवीत आणि ती त्याची उचलबांगडी करून त्याला शाळेत आणून टाकीत. मग अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे आणि छडी. बापाचीही याला संमती असे. किंबहुना तोच पंतोजींना सांगे की, याला चांगला बदडून काढा. शाळा आणि घर यांच्यात दुरावा नव्हता हे खरे, पण दोघांचे एकमत झाले होते ते मुलाच्या पाठीवर! आणि ज्यांच्या मुलांना त्या ओसरीची पायरीसुद्धा चढता येत नव्हती, त्यांची गैरहजेरी कोणी मोजतच नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

दुसरे उत्तर सरकारी शाळेचे. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ साली, मुंबईत शाळा आणि पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते आले. छापील क्रमिक पुस्तके आली, इयत्ता आल्या, हजेरीपट आला आणि तो तपासायला डिपोटी आले. यात लाभ पुष्कळ झाला. परंतु शाळेचे तोंड फिरले. पंतोजी आळीला बांधलेले होते, मास्तर खात्याला बांधले गेले. डिपोटी येणार म्हणजे गाव सारवले जाई, मुलांना धुतलेले सदरे घातले जात, आणि हजेरी भरलेली दिसे. दुसऱ्या दिवशी तीच मुले गुरांमागे. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे खूण होई, आणि खुणा फार झाल्या की नाव कमी होई. घराला कोणी विचारीत नसे.

या काळातच एका गैरहजर मुलाची हकिकत घडली. ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे, पण या दृष्टीने आपण तिच्याकडे क्वचित पाहतो. पुण्याच्या गोविंदराव फुल्यांनी आपला मुलगा शाळेतून काढला आणि मळ्यात कामाला लावला. शिकून मुलगा बिघडेल असे दुकानातल्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले होते. खुणा आणि छडी यांपैकी कशानेही तो मुलगा परत आला नसता. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी त्या मुलाची हुशारी पाहिली, गोविंदरावांना गाठले आणि त्यांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. सात वर्षांनी, १८४८ साली, त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. बापाशी कोणी दोन शब्द बोलले, त्याचे फळ केवढे मोठे झाले ते पाहा.

जोतीराव ही गोष्ट विसरले नसावेत असे मला वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन केले, त्यात किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी आहे आणि ती प्रसिद्धच आहे. त्याच निवेदनातली दुसरी सूचना मात्र मागे पडली. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे ते असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांचे म्हणणे होते. सक्ती हवी, पण ती ज्याने अमलात आणायची त्याला घरात पाऊल टाकता आले पाहिजे, असा याचा अर्थ आहे. पुढच्या काळाने या दोन सूचनांतली पहिली उचलली.

तिसरे उत्तर म्हणून दंड आला तो असा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात शिक्षण सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, ते १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी कायदा झाला, आणि १९२३ व १९४७ साली त्यापुढचे कायदे झाले.

या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मूल शिकवणे ही बापाची मर्जी नसून कर्तव्य आहे, हे समाजाला कोणीतरी ठणकावून सांगायलाच हवे होते. शिवाय शाहू महाराजांनी दंडाबरोबर निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहेही उभी केली. मूल का येत नाही, याचा विचार त्यात होता. परंतु एकट्या दंडाची मर्यादा स्पष्ट आहे. एक रुपया म्हणजे त्या वेळच्या मजुराची काही दिवसांची कमाई. ज्याच्या घरी मुलाने राखलेल्या गुरांवर चूल पेटते, त्याला शाळेचा पहिला निरोप पोहोचला तो दंडाच्या रूपाने. अशा घराला शाळा आपली कशी वाटावी?

चौथे उत्तर अगदी निराळ्या ठिकाणाहून आले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागासाठी केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. ती आळशी आहेत, त्यांना शिस्त नाही, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. या बायका पाड्यांवर गेल्या आणि त्यांनी कारणे पाहिली. घरे विखुरलेली, लहानांना दूर चालवत नाही, तेव्हा शाळाच अंगणात भरवली, ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखतात, तेव्हा शिक्षकच साहित्य घेऊन कुरणावर गेले, ती कुरणशाळा. मुलगी धाकटे भावंड कडेवर घेऊन घरी अडकते, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. प्रत्येक नावामागे घरी जाऊन मिळवलेले एकेक उत्तर आहे. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यामागची चौकशी किती गेली, हा प्रश्न उरतो.

आता कायदाही त्या दिशेने वळला आहे. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने मुलाला मारण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली. मूल शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले, पण त्यासाठी दंड ठेवला नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, कुवत आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाच्या कर्तव्यांत घातले. पंतोजींच्या छडीपासून येथवरचा प्रवास थोडा नव्हे.

परंतु कलमात एक उणीव राहिली आहे. त्यात शिक्षकाने सांगायचे आणि पालकाने ऐकायचे आहे. पालकाने सांगायचे आणि शाळेने ऐकायचे, हा भाग आपल्यावर सोडला आहे. आजही दिवाळी आटोपली की मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात. त्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मुलांना गावी ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे निघाली. जेथे कोणी आधी घरी जाऊन विचारले, तेथे मूल टिकले. जेथे केवळ मोबाईलवर "आपला पाल्य अनुपस्थित आहे" असा निरोप गेला, तेथे तो निरोप उसाच्या फडात उभ्या असलेल्या आईला काय उपयोगाचा? पाल्य तिच्या शेजारीच मोळ्या बांधतो आहे.

आपल्यापैकी कित्येक जण शाळांच्या समित्यांवर आहात, कित्येक शिक्षक आहात. माझी विनंती मोठी नाही. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण होते, तिच्याजवळ आणखी एक रकाना आखून घ्या आणि त्यात कारण लिहा. मात्र ते वर्गात बसून, दुसऱ्या मुलाला विचारून लिहू नका. संध्याकाळी, आईबाप कामावरून परतल्यावर, त्या घरी जा आणि चहाचा कप पुढे आला तर नाही म्हणू नका. महिनाअखेर तो रकाना समितीपुढे वाचा. शाळेने काय बदलायचे ते त्यातच लिहिलेले सापडेल.