तंबूतले, तटातले आणि मधले

शनिवार आला की नंदाखालजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर रंगीत तंबू दिसू लागतात. मुंबईची पोरं एका रात्रीपुरती येतात आणि सकाळी परत जातात. याच वसईत 1739 साली एक तळ तीन महिने पडून होता, आणि इथल्या माणसांचं पुढचं आयुष्य त्या तळाने बदललं.

गोव्यातले पोर्तुगीज आपल्या या भागाला ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत. त्याची राजधानी वसई. या राजवटीत देवळं पाडली गेली, धर्माच्या नावाखाली जाच झाला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिकांनी पेशव्यांना साकडं घातलं. 1737 च्या मोहिमेत ठाणं मिळालं, अर्नाळा मिळाला, पण वसई हाती लागली नाही.

म्हणून फेब्रुवारी 1739 मध्ये बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा स्वतः तळ ठोकून बसले. वसईच्या किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी. जमिनीवरून जायची वाट एकच, उत्तरेकडची. छावणी तिथेच पडली. खाडीच्या मुखावरची धारावी मराठ्यांनी घेतली आणि किल्ल्यात जाणारी रसद आवळली. तटाखाली सुरुंग खणले जात होते, वरून तोफा चालू होत्या. शिवाय डोक्यावर पावसाळा होता. कोकणात जून लागला की दारूगोळा भिजणार, ओढे-नाले भरणार, वेढा उठवावा लागणार. 13 मेला सॅन सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडवले. त्यांतल्या काहींनी मराठ्यांचीच माणसं मारली. तरी हल्ला थांबला नाही. 16 मेला किल्ल्याने शरणागती लिहून दिली.

शाळेत ही गोष्ट इथे संपते. मी नंदाखालचा, घरात सामवेदी बोलणारा ख्रिस्ती मुलगा. विजयाच्या त्या धड्यात ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय. मराठी माझी, आणि चर्चही माझं.

उत्तराचा एक धागा तहात सापडतो. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, मानाने निघून जाऊ दिलं; 23 मेला ती गेली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. इतक्या माणसांच्या मरणानंतर, सूड घेणं सोपं असताना, हे कलम मान्य झालं. किल्ल्यातली चर्च ओसाड पडली, काही चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच मानतात. पण युरोपीय पाद्री गेल्यावरही इथले ख्रिस्ती राहिले. देशी पाद्र्यांनी त्यांना सांभाळलं. आज नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते.

आमचे पूर्वज ना तंबूत होते, ना तटावर, असं मला वाटतं. ते मधल्या वाड्यांत केळी आणि भात पिकवत असावेत. दोन्हीकडच्या फौजांना खायला लागायचंच, आणि ते अशाच वाड्यांतून जायचं. वेढ्याच्या वर्णनांत सरदारांची नावं येतात, या वाड्यांची येत नाहीत.

‘बाजू कुठली?’ असं आता कुणी विचारलं, तर मी त्या कलमाकडे बोट दाखवतो. जिंकलेल्याने हरलेल्याच्या धर्माला जागा दिली, म्हणून मी आज हे मराठीत लिहितोय.