माऊस-कीबोर्डला पर्याय काय? ट्रॅकबॉलपासून डोळ्यांच्या इशाऱ्यापर्यंत

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोज आठ-दहा तास हात माऊस आणि कीबोर्डवर. दोन वर्षांपूर्वी उजवं मनगट इतकं दुखायला लागलं, की चहाचा कप उचलतानाही कळ यायची. डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे माऊस बंद. पण काम थोडंच थांबणार होतं? मग शोधाशोध सुरू केली, आणि जे कळलं ते इथे सांगतो.

इनपुट डिव्हाइस म्हणजे नक्की काय?

शरीराची एखादी हालचाल किंवा आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी वस्तू म्हणजे इनपुट डिव्हाइस. ती हालचाल हाताचीच असली पाहिजे असं काही नाही. बोट, गाल, डोळे, काहीही चालतं.

१. ट्रॅकबॉल

यात डिव्हाइस जागेवरच राहतं आणि वरचा चेंडू आपण बोटांनी फिरवतो. आतला सेन्सर चेंडूची हालचाल वाचतो आणि कर्सर सरकतो. मनगट फारसं हलवावं लागत नाही. गंमत म्हणजे, ही कल्पना माऊसपेक्षा जुनी आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नौदलाच्या 'डेटार' प्रकल्पात ट्रॅकबॉल बनवला गेला, त्यात चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता! डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस जगाला दाखवला तो डिसेंबर १९६८मध्ये. त्या डेमोतही त्यांच्या डाव्या हाताशी पाच बटणांचा वेगळा कीसेट होता.

२. पेन टॅबलेट

माऊस फक्त 'किती सरकलो' एवढंच सांगतो. पेन टॅबलेट 'नेमका कुठे आहे' ते सांगतो. टॅबलेटचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा. म्हणून चित्रं काढणाऱ्यांना तो आवडतो. काही पेनमध्ये बॅटरीसुद्धा नसते, टॅबलेटच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्यांना वीज मिळते.

३. आवाज

जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग २०१७पासून आहे. त्या तीन आठवड्यांत माझे चॅट आणि मेल आवाजावर निघाले. पण कोडमधले कंस आणि सेमीकोलन बोलून लिहिताना घाम फुटला. साध्या मजकुरासाठी उत्तम, बाकी सवय लागते.

४. स्विच

एकच बटण दाबता येत असेल तरी पूर्ण कॉम्प्युटर चालवता येतो. स्क्रीनवरचे पर्याय एकेक करून उजळत जातात, हवा तो आला की बटण दाबायचं. स्टीफन हॉकिंग नंतरच्या काळात गालाच्या हालचालीवर कॉम्प्युटर चालवायचे. ती हालचाल चष्म्याला लावलेला इन्फ्रारेड सेन्सर टिपायचा. २०१८मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरला असे बाहेरचे स्विच जोडण्यासाठी १९ ऑडिओ जॅक दिले आहेत.

५. डोळे आणि चेहरा

कॅमेरा नजर कुठे आहे ते ओळखतो आणि तिथे पॉइंटर नेतो. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलवर आयओएस १८पासून ही सोय आहे. अँड्रॉइडच्या स्विच ॲक्सेसमध्ये हसणं, भुवया उंचावणं, तोंड उघडणं हे इशारेही 'बटण' म्हणून वापरता येतात.

आजच करून बघा

- ओटीजी केबलने माऊस किंवा ट्रॅकबॉल अँड्रॉइड फोनला जोडा. स्क्रीनवर पॉइंटर दिसेल.
- सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि स्विच ॲक्सेस शोधा. चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं हे मात्र वाचून ठेवा, नाहीतर फोनशी झटापट होईल!

मग घ्यायचं काय?

'सगळ्यात भारी कोणतं' हे विचारू नका. 'माझी कोणती हालचाल त्रासाची आहे आणि कोणती सोपी' हे विचारा. माझं मनगट दुखत होतं, बोटं ठीक होती, म्हणून ट्रॅकबॉल जमला. पहिला आठवडा कर्सर कुठेही पळायचा, दुसऱ्या आठवड्यात हात बसला. आज मनगट ठीक आहे, तरी माऊस मी कपाटातच ठेवलाय.

आणि हो, मनगट दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर नवं गॅजेट मागवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मी सहा महिने अंगावर काढलं, तुम्ही तसं करू नका.