नाकारलेले यंत्र आणि खुली झालेली विदा

युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या दैनंदिन पूर्वानुमानांची संपूर्ण विदा खुल्या परवान्याखाली आणली. वेगवान आणि सविस्तर वितरणासाठी सेवाशुल्क आहे. मात्र विदेच्या वापरावर आता मूल्य नाही. भारतीय वाचकाला या घटनेचे महत्त्व जाणायचे असेल, तर चार दशके मागे जावे लागते.

१९८०च्या दशकात मान्सूनच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे एक्स-एमपी/२४ हा महासंगणक मागितला. त्याचा उपयोग अण्वस्त्रांच्या गणितासाठी होईल, या शंकेने तो नाकारण्यात आला आणि कमी क्षमतेचा एक्स-एमपी/१४ देऊ करण्यात आला. त्याच्याच बळावर १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचे काम दिल्लीत उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकचा जन्म झाला आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

यंत्रावर निर्बंध होते. वातावरणाला मात्र सीमा नाहीत. कोणत्याही जागतिक प्रारूपाला आरंभबिंदू म्हणून साऱ्या पृथ्वीवरील निरीक्षणे लागतात. भारतातून सोडलेल्या फुग्यांची मोजमापेही त्यांत असतात. १९९५ साली जागतिक हवामान संघटनेने ठराव ४० द्वारे अत्यावश्यक निरीक्षणांची देवाणघेवाण विनामूल्य व अनिर्बंध राखली. तरीही युरोपातील पूर्वानुमाने दीर्घकाळ विक्रीची वस्तू राहिली. अमेरिकेत मात्र संघीय शासनाची निर्मिती स्वामित्वहक्काबाहेर असल्याने जीएफएस प्रारूपाची विदा सर्वांना मिळत गेली.

आज जीएफएस दिवसातून चार वेळा, १६ दिवसांपर्यंतचे पूर्वानुमान पाव अंशाच्या जाळीवर देते. त्याच्या शून्य यूटीसी फेरीचा आरंभ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. ‘ग्रिब’ स्वरूपातील ही विदा पायथनच्या मोफत साधनांनी साध्या संगणकावरही वाचता येते. पुण्यातील हवामान विभागाकडून १९०१ पासूनची जाळीबद्ध पर्जन्यविदाही मिळते. दोन्हींची तुलना करून कोणता अंदाज किती दिवस आधीपर्यंत विश्वसनीय ठरतो, हे विद्यार्थी स्वतः तपासू शकतो.

एक भान मात्र हवे. पाव अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर. एवढ्या जाळीत सह्याद्रीचा तीव्र उतार सपाट होतो; तेथील पावसाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ची जाळी सहा किलोमीटरची आहे, ती याच कारणाने मोलाची. धोक्याचा इशारा मात्र अधिकृत हवामान विभागाचाच मानावा.

खुली विदा हे कोणाचे औदार्य नव्हे. सर्व देशांच्या निरीक्षणांतून घडलेल्या ज्ञानाची ती परतफेड आहे. म्हणून आपल्या प्रारूपांची विदाही तितकीच सहज हाती यावी, ही अपेक्षा आपण बाळगली पाहिजे. आणि जी आज हाती आहे, ती वापरण्याचे कौशल्य कमावणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे काम आहे.