कॅमल्स हंप
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्हर्माँट राज्यामधील ग्रीन मौंटन पर्वतश्रेणीचे एक प्रमुख शिखर आणि त्याभोवतालचे राज्य उद्यान. शिखराची उंची १,२४४ मी. असून ते बर्लिंग्टन शहराच्या आग्नेयीस आहे. ते मुख्यत्वे सुभाजा या रूपांतरित खडकाचे बनलेले आहे. हिमयुगात वायव्येकडून सरकत आलेल्या हिमस्तराने त्याची उत्तर बाजू घासून काढली व दक्षिण बाजूचे खडक उखडून तेथे कडा निर्माण केला. त्यामुळे दुरून त्याचा आकार उंटाच्या वशिंडासारखा दिसतो. फ्रेंच प्रवाशांना मात्र त्यात विसावलेला सिंह दिसला होता. जोसेफ बॅटेल या धनिकाने शिखर व लगतची सु. ४०० हेक्टर वनभूमी १९११ मध्ये राज्याला देणगीदाखल दिली. १९६९ मध्ये येथे राज्य उद्यान स्थापन झाले. माथ्यावरील सु. चार हेक्टर क्षेत्रात दुर्मिळ आल्पीय वनस्पती टिकून आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील एका विमान अपघातामुळे या शिखराला ऐतिहासिक महत्त्वही आले. मॅसॅचूसेट्स राज्यातील वेस्टओव्हर तळावरून रात्रीच्या प्रशिक्षण उड्डाणासाठी निघालेले अमेरिकन लष्कराचे बी-२४ लिबरेटर हे बाँबफेकी विमान १६ ऑक्टोबर १९४४ रोजी पहाटे सु. दोन वाजता शिखराच्या माथ्यालगत आदळले. दहा जणांपैकी नऊ जण मृत्युमुखी पडले. विमान नियोजित उंचीपेक्षा बरेच खालून उडत होते. उष्णतेची पुरेशी सोय नसलेल्या या विमानात उंचावरील थंडी असह्य होई. म्हणून ते खाली आणले गेले असावे, असे सांगितले जाते. त्या काळचा वायुदाबावर चालणारा उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शवीत असे, समोर चढत जाणाऱ्या भूमीची सूचना तो देऊ शकत नसे. अंधारात डोंगराचे अस्तित्व वैमानिकाने नकाशा व गणित यांवरूनच ताडावयाचे असे.

वाचलेला एकमेव तरुण सैनिक जखमी अवस्थेत कडाक्याच्या थंडीत पडून राहिला. वॉटरबरी गावातील नागरी हवाई गस्त दलाचे छात्र, म्हणजे बहुतांशी शाळकरी मुले, शोध घेत त्याच्यापर्यंत पोहोचले. हिमदंशामुळे त्याला दोन्ही हात व दोन्ही पाय गमवावे लागले. तथापि त्याने पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन वकिली केली.

हा अपघात अपवादात्मक नव्हता. महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या भूमीवरच झालेल्या लष्करी हवाई अपघातांत सु. १५,००० सैनिक मरण पावले. नवशिके वैमानिक, घाईने उरकलेले प्रशिक्षण आणि रात्रीची उड्डाणे यांची ही किंमत होती. रणांगणावर पोहोचण्यापूर्वीच मृत्यू आलेल्या या सैनिकांची नोंद युद्धाच्या इतिहासात क्वचितच ठळकपणे होते.

नियंत्रणात असलेले विमान भूमीवर आदळण्याचा धोका युद्धानंतरही कायम राहिला. व्हर्जिनिया राज्यातील मौंट वेदर येथे १ डिसेंबर १९७४ रोजी एक प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ जण ठार झाले. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांत भूसान्निध्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्यात आली. १९९० नंतरच्या सुधारित यंत्रणेत भूप्रदेशाचा साठविलेला नकाशाही समाविष्ट झाल्याने पुढील डोंगराची सूचना वेळेवर मिळू लागली.

अपघातग्रस्त विमानाचे बरेचसे अवशेष नंतर हलविण्यात आले. पंखाचा एक मोठा भाग मात्र पायवाटेजवळ राहिला. पायथ्याशी मृतांचा स्मृतिफलक आहे. शिखराचे नैसर्गिक रूप जपण्यासाठी राखलेल्या या अरण्यात धातूचा तो पत्रा परकाच आहे. परंतु ज्यांच्या मृत्यूची दखल इतरत्र अल्पच घेतली गेली, त्या नऊ जणांच्या मृत्यूचा तो घटनास्थळावरील एकमेव मूर्त पुरावा ठरतो.