साइन, कॉस आणि आठ गाणी

वस्तू जितकी स्वस्त, तितकी तिच्या अंगावर कामं जास्त, असा माझा एक जुना सिद्धांत आहे. चांगला चाकू नुसता कापतो. लोकलच्या डब्यात विकायला येणारा चाकू बाटली उघडतो, नखं तासतो, कान कोरतो. फक्त कांदा तेवढा कापत नाही. १९८६ साली ९० रुपये मोजून मी या सिद्धांताची स्वखर्चाने सिद्धता दिली.

त्या वर्षी माझा भाचा इंजिनिअरिंगला लागला. भाऊजी आदल्याच वर्षी गेलेले. त्यामुळे पोराचं हवं-नको बघणं मामाकडे आलेलं. एका संध्याकाळी तो चाचरत म्हणाला, "मामा, सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल म्हणतात." मी त्याला आमच्या काळच्या लॉगच्या कोष्टकांवर एक व्याख्यान दिलं. त्याने ते ऐकून घेतलं. गरजू मुलं ऐकून घेतात.

आता, खिशात मावणारं सायंटिफिक यंत्र ही मुळातली साहेबी चैन. पहिलं आलं १९७२ साली, अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचं. कळा पस्तीस म्हणून नाव एचपी-३५. किंमत ३९५ डॉलर. एवढं महागाचं यंत्र, पण तेही चुकायचं, बरं का! २.०२ चा लॉग काढून तो परत उलटा फिरवला, की सुरुवातीच्या काही यंत्रांत उत्तर यायचं नुसतं २. वरचे दोन शतांश गायब. आपल्याकडे ते 'कसर' म्हणून खपलं असतं. त्या कंपनीने मात्र गिऱ्हाइकांना आपण होऊन कळवलं आणि यंत्रं बदलून देऊ केली.

१९७४ साली इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने तेच काम स्वस्तात करून दाखवलं. साध्या हिशेबाच्या चिपमध्ये, अवघ्या ३२० सूचनांत, साइन, लॉग वगैरे सगळं कोंबलं. इतकं कोंबलं की पायची किंमत ठेवायला आत जागाच उरली नाही. ती यंत्राच्या अंगावर छापून टाकली! शेवटचे आकडे जरा बेभरवशाचे यायचे. पण काटकसर कुठे करावी, हे त्या लोकांना कळत होतं.

पुढे चिपा स्वस्त झाल्या आणि बेरीज-वजाबाकी सगळ्यांनाच येऊ लागली. सगळीच स्थळं बी. कॉम. निघाली, की मग मुलाला पेटी वाजवता येते का, ते विचारतात. तसं झालं. जपानच्या कॅसिओने १९८०च्या आसपास आकड्यांना सूर दिले. १९८०च्याच एमजी-८८० मध्ये खेळ घातला: आकडे उजवीकडून चाल करून येतात आणि आपण तोच आकडा लावून त्यांना गोळी घालायची. एका यंत्रात चक्क सिगारेट पेटवायचा लायटर होता. अर्थात कॅसिओच्या घराण्याला ते शोभून दिसलं. महायुद्धानंतर काशिओ बंधूंची पहिली कमाई झाली ती सिगारेट खोचायच्या अंगठीवर! बोट न भाजता शेवटच्या झुरक्यापर्यंत ओढायची सोय. त्याच भावांनी मग १९५७ साली १४० किलो वजनाचं गणकयंत्र बनवलं. आणि पुढे व्हीएल-१ या यंत्रात कॅल्क्युलेटर आणि पेटी एकाच घरात नांदायला आणली. १९८२ साली आलेलं 'ट्रिओ' या जर्मन बँडचं 'दा दा दा' हे गाणं त्याच यंत्राच्या ठेक्यावर गाजलं.

पण कॅसिओवाले आधी हिशेब शिकले आणि मग गाणं. नकला करणाऱ्यांनी थेट गाण्यालाच हात घातला. सूर वाजवणारी चिप पैशापासरी. ग्रीटिंग कार्ड उघडलं की केकाटते तीच. साइन काढायचा तर त्याची सगळी रीत आत भरावी लागते. शिवाय दुकानात उभ्या उभ्या साइन कोण तपासतो? गाणं मात्र ऐकू येतं.

मलाही आलं. फोर्टातल्या फुटपाथवर, काळ्या रेक्झिनच्या पाकिटात. वर सोनेरी अक्षरांत 'सायंटिफिक'. कंपनीचं नाव एका अक्षराने जपानी व्हायचं राहिलेलं. घड्याळ, गजर, आठ गाणी. "साब, इसमें सब कुछ है." अस्सल यंत्र समोरच्या दुकानात ४५० रुपयांना होतं. तेवढे पैसे त्या दिवशी माझ्या खिशात होते.

घरी मोठं स्वागत झालं. "एखादी आरती आहे का रे यात?" आईने विचारलं. दोन दिवस हिने वाण्याचा हिशेब सुरात केला. तिसऱ्या दिवशी भाच्याने २ + ३ × ४ करून पाहिलं. शाळेत 'कंचेभागुबेव' घोकलेलं पोर ते. उत्तर १४ हवं हे त्याला ठाऊक. यंत्र म्हणालं २०. साधं वाण्याचं यंत्र जसं डावीकडून मुकाट चालत जातं, तसं हे सोनेरी अक्षरांचंही चाललं होतं. मग त्याने साइनची कळ दाबली. तिसरं गाणं लागलं.

"आणि कॉस?" मी विचारलं.

"चौथं," तो म्हणाला.

याहून जास्त तो काही बोलला नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेला तेच घेऊन गेला, गुणाकार-भागाकारापुरतं. सोबत माझी जुनी कोष्टकं. गणिताच्या पेपरात साडेअकराला गजर झाला. तो बंद कसा करायचा, हे यंत्राला माहीत असेल तर असेल. पर्यवेक्षकांनी ते उचलून बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवलं, तिथे ते आठही गाणी पुरी करून थांबलं. भाच्याने मला हे सगळं नकलेसकट, हसत हसत सांगितलं. मार्क किती गेले, ते मात्र सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी त्या समोरच्या दुकानात गेलो.

"यात गाणी-बिणी नाहीत ना?" पैसे काढण्यापूर्वी मी विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पावती लिहायला घेतली.

जुनं यंत्र आईने मागून घेतलं. पाचवं गाणं बरंचसं आरतीसारखं वाटतं, असं तिचं म्हणणं होतं.