खोताची वाडी : ओटीवरचा शेजारधर्म

मुंबईच्या गिरगावात उंच इमारतींच्या गर्दीत खोताची वाडी आपले जुने रूप अजून काही अंशी सांभाळून आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून ती ओळखली जाते. त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजाशी मराठी बोलीने आणि श्रद्धेने जोडलेली ही माणसे आपलीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या या घरांची घडण पाहण्याजोगी आहे. पुढे उघडी ओटी, वर लाकडी कठड्याचा सज्जा, उतरते कौलारू छप्पर आणि बाहेरूनच माडीवर जाणारा जिना. छपराच्या रुंद वळचणीने पाऊस अडे, खिडक्यांतून वारा खेळे. बाहेरच्या जिन्यामुळे माडीवर वेगळे बिऱ्हाड नांदू शके. ओटी गल्लीला लागूनच असल्याने जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलल्यावाचून दिवस मावळत नसे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगची साथ ओळखली. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. हवा व उजेड यांसाठी त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्यास नव्या वसाहती आखल्या. शहराचा चेहरा असा पालटत असता वाडीने मात्र आपली अरुंद गल्ली आणि बैठी वस्ती राखली.

ट्रस्टच्या काळात जे टिकले ते पुढे ढासळू लागले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. लाकडाची दुरुस्ती महागली, वारस वाढले आणि जमिनीचा भाव घरापेक्षा मोठा झाला. एके काळी पासष्टाच्या आसपास असलेली घरे आज निम्म्याहूनही कमी उरली आहेत. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील जुन्या वास्तूंना संरक्षण दिले खरे, परंतु कायदा दर्शनी भाग राखू शकतो, ओटीवर बसणारी माणसे राखू शकत नाही.

आपल्या गावांतूनही ओटी हळूहळू नाहीशी होत आहे. नवे घर बांधू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जुने उतरवण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात आणि नव्या आराखड्यात शेजाऱ्याला बसायला जागा ठेवावी. शेजारप्रीतीची आज्ञा पाळायची, तर शेजारी आधी नजरेस पडायला हवा.